ब्रेसेस लावल्यावर हिरड्या सुजतात, रक्त येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हिरड्यांची डॉक्टर, प्रॅक्टिस ठाण्यात. दात सरळ करायचं काम ऑर्थोडॉन्टिस्टचं, आणि ती ट्रीटमेंट चालू असताना हिरड्या बिघडल्या की पेशंट माझ्याकडे येतात. घोडबंदर असो, कळवा असो, ऐरोली-वाशी असो, प्रश्न जवळपास तेच असतात, आणि खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला सगळं नीट ऐकूही येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहितेय.

तार लावल्यापासून ब्रश करताना रक्त येतं. तार टोचत असेल का?

बहुतेक वेळा नाही. तार टोचली तर गालाला किंवा ओठाला आतून फोड येतो, तो वेगळा दिसतो आणि झोंबतो. हिरडीतून रक्त येतं ते तिथे साचलेल्या थरामुळे. पाण्याच्या पिंपाला आतून बुळबुळीत थर येतो ना, तसा जंतूंचा पांढरट चिकट थर दातांवर रोजच बसतो, अगदी स्वच्छ माणसाच्याही. ब्रेसेस नसताना तो ब्रशने सहज निघतो, पण ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, ज्यात वायर बसते), वायर, रबर, दाढेची रिंग हे सगळं आल्यावर त्याला लपायला जागाच जागा. तो हिरडीच्या कडेला राहिला की हिरडी लाल होते, फुगते, हात लागला की रक्त.

याला फार दिवस लागत नाहीत. १९६५ साली हाराल्ड लो नावाच्या संशोधकाने चांगल्या हिरड्यांच्या लोकांना दात घासणं थांबवायला लावलं होतं, तर साधारण १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत साफसफाई सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. यातला दुसरा भाग मी प्रत्येक पेशंटला सांगते, कारण लोकांना वाटतं आता तार निघेपर्यंत हे असंच चालणार. नाही चालणार, सुरुवातीची सूज पूर्ण उतरते.

मग रक्त येतं तिथे थोडे दिवस ब्रश फिरवला नाही तर?

नका करू असं. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. “मॅडम, तिथून रक्त येतं म्हणून मी तिकडे जातच नाही,” हे मला दहावीतला मुलगाही सांगतो आणि चाळिशीतली बँकेतली बाईही सांगते, आणि दोघांच्याही बरोबर त्याच जागी सगळ्यात जास्त घाण असते. ब्रश थांबला की थर वाढतो, थर वाढला की हिरडी आणखी फुगते, फुगलेली हिरडी ब्रॅकेटपर्यंत खाली येते आणि मग ब्रश पोचतच नाही. रक्त येतंय म्हणजे तिथे रोज, न चुकता, मऊ ब्रशने, हलक्या हाताने जायचं. पहिले तीन-चार दिवस बेसिनमध्ये लाल दिसेल, मग कमी होत जाईल. दोन आठवडे नीट करूनही कमी झालं नाही तर दाखवायला या, मग बहुतेक आत कीटण, म्हणजे कडक झालेला थर, बसलेलं असतं आणि ते ब्रशने निघत नाही.

आम्ही दोन वेळा ब्रश करतो की, तरी का होतं?

कारण ब्रश वायरवरून घसरून जातो. दोन वेळा की तीन वेळा यापेक्षा ब्रश नेमका कुठे लागतो ते बघा. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामध्ये दाताची एक बारीकशी पट्टी असते, काही जणांना ती दोन-तीन मिलिमीटरचीच असते, सगळा खेळ त्या पट्टीत आहे.

आठवीतली एक मुलगी आईसोबत आली होती, आई सांगत होती की ही पाच-पाच मिनिटं घासते. तिला गुलाबी डाग पाडणारी गोळी चघळायला दिली, ती घाणीवर रंग धरते, मग चूळ भरायला लावली आणि आरसा दिला. दातांचा पुढचा भाग स्वच्छ, चकचकीत, ब्रॅकेटसुद्धा स्वच्छ, आणि प्रत्येक ब्रॅकेटच्या वर हिरडीला लागून गडद गुलाबी रेघ, एकाही दाताला चुकली नव्हती. सुळ्यांच्या तिथे तर जाड पट्टाच. मुलीने न बोलता ब्रश घेतला आणि तिथेच बेसिनपाशी उभी राहून ती रेघ काढत बसली. ही गोळी डेंटिस्टकडे किंवा ऑनलाइन मिळते, घरात ब्रेसेसवालं पोरगं असेल तर आणून ठेवा, रोज ओरडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा रंग दाखवलेला बरा.

आता पद्धत. आरशासमोर उभं राहायचं, मोबाईल बाजूला. ब्रशचे केस अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर येतील असा साधारण ४५ अंशात तिरका धरायचा, वरच्या दातांना केसांचं तोंड वर हिरडीकडे आणि खालच्यांना खाली हिरडीकडे, आणि जागच्या जागी छोटं छोटं हलवायचं, दोन दात झाले की पुढे सरकायचं. हे झालं की ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे चावायच्या कडेकडून ब्रॅकेटकडे. मग चावायची बाजू, मग आतली, जिभेकडची बाजू, जी सगळे विसरतात कारण तिथे तार नसते. शेवटी वायरच्या खाली छोटा इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत जाणारा बारीक ब्रश, घालून दोन ब्रॅकेटच्या मधलं साफ करायचं. चार-पाच मिनिटं लागतात, सुरुवातीला जास्तच. रात्रीचा ब्रश कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही, झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.

टूथपेस्ट साधी फ्लोराइडवाली पुरते. फ्लोराइड हवंच, कारण ज्या पट्टीत हिरडी सुजते त्याच पट्टीत दातावर खडूसारखे पांढरे डाग पडतात, आणि सूज उतरते पण ते डाग बऱ्याचदा कायमचे राहतात. तार काढल्यावर दात सरळ झालेत पण प्रत्येकावर चौकोनी डाग, हे बघून मला फार वाईट वाटतं.

ब्रशं किती घ्यायची? दुकानात दहा प्रकार दिसतात.

एक मऊ ब्रश, मध्ये खाच असलेला ऑर्थो ब्रश मिळाला तर छान. एक इंटरडेंटल ब्रशचं पाकीट, साईज डॉक्टरांना विचारून, जोर लावून घालावा लागला तर मोठा आहे. दाढेच्या रिंगभोवती आणि वेड्यावाकड्या दाताला एकाच झुपक्याचा छोटा ब्रश फार उपयोगी पडतो. केस वाकले की ब्रश बदला, ब्रेसेसमध्ये ते तीन महिन्यांच्या आधीच वाकतात. इलेक्ट्रिक ब्रश चालतो पण तोही त्या पट्टीत न्यावाच लागतो, आपोआप काही होत नाही.

फ्लॉस वायरखालून जातच नाही.

साधा नाही जाणार. एका टोकाला कडक असलेला सुपरफ्लॉस येतो, किंवा सुईसारखा प्लास्टिकचा थ्रेडर येतो, त्यात दोरा ओवून वायरखालून घ्यायचा. वेळखाऊ काम आहे, रोज नाही जमलं तर निदान इंटरडेंटल ब्रश तरी रोज. वॉटर फ्लॉसर अन्नकण छान काढतो आणि हिरडीला फायदाही होतो, पण चिकट थरासाठी घासणं लागतंच, त्यामुळे तो जास्तीचा समजा, ब्रशऐवजी नाही.

सकाळी साडेसातची लोकल, दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवण. तिथे कुठे ब्रश करणार?

जेवण झाल्यावर पाण्याने जोरजोरात दोन-तीन चुळा भरा आणि खिशातला इंटरडेंटल ब्रश वॉशरूममध्ये एक मिनिट फिरवा, एवढं पुरतं. शाळेतल्या मुलांनाही बाटलीतलं पाणी आहेच. मात्र घरी आल्यावर सोफ्यावर पडायच्या आधी ब्रश, नाहीतर झोप लागते आणि राहूनच जातो.

१३ वर्षांच्या मुलाच्या हिरड्या ब्रॅकेटवर आल्यात, अर्धा दात झाकलाय. कापाव्या लागतील का?

या वयात हार्मोन्समुळे हिरड्या थोड्याशा घाणीलाही जास्त फुगतात, त्यात ब्रेसेसचं वय नेमकं हेच. मूल तोंडाने श्वास घेत असेल, रात्री तोंड उघडं टाकून झोपत असेल तर वरच्या पुढच्या हिरड्या कोरड्या पडून आणखी सुजतात, नाक कायम बंद असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आधी क्लीनिंग करायचं, घरची सफाई सुधारायची आणि काही आठवडे थांबायचं. मऊ, लाल, रक्त येणारी सूज बहुतेक उतरते. कधी कधी हिरडी घट्ट, गुलाबी, जाडजूड होऊन बसते, ती नुसत्या ब्रशने पूर्ण जात नाही. तेव्हा जादाची हिरडी लेझरने किंवा ब्लेडने काढतात, जागा बधिर करून, त्याच दिवशी घरी जाता येतं. पण शक्यतो तार निघाल्यावर काही महिने वाट बघून मगच ठरवतो, कारण ब्रॅकेट गेले की बरीच हिरडी आपली आपण खाली बसते. मध्येच करावं लागतं ते हिरडी इतकी वर आली असेल की ब्रॅकेट लावायला किंवा घासायला जागाच नाही तेव्हा. आणि कापून आल्यावर सफाई तशीच राहिली तर हिरडी परत वाढते, हे मुलालाही समोर बसवून सांगा.

सोसायटीत टँकरचं, बोअरचं पाणी येतं. कीटण त्याने होतं का?

घोडबंदरवाले हा प्रश्न हमखास विचारतात, नळाला पांढरा खार दिसतो म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण दातावरच्या कीटणातलं कॅल्शियम मुख्यतः आपल्या लाळेतून येतं. न काढलेला मऊ थर लाळेतले क्षार शोषून कडक होतो. म्हणून लाळेच्या ग्रंथी जिथे उघडतात तिथेच जास्त जमतं, खालच्या पुढच्या दातांच्या आत आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. पाणी बदलून हे थांबत नाही.

तार असताना क्लीनिंग करता येतं? दात हलायला लागतात म्हणे.

येतं, आणि करायलाच हवं, हिरड्या ठीक असतील तर साधारण सहा महिन्यांनी, सुजत असतील तर तीन महिन्यांनी. वायर काढून केलं तर जास्त नीट होतं म्हणून वायर बदलायच्या दिवसाशी जुळवून घ्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. क्लीनिंगने दात हलत नाहीत. कीटणाने हाड आधीच खाल्लेलं असतं, दात त्या कीटणाच्या आधाराने बसलेला वाटतो, ते काढल्यावर खरी परिस्थिती कळते एवढंच. आणि फटी पडल्यासारख्या वाटतात त्या सूज उतरल्यामुळे.

माउथवॉश कुठला वापरू?

हिरड्या फार सुजल्या असतील तर आम्ही ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन, म्हणजे जंतू मारणारा माउथवॉश, देतो, साधारण दोन आठवड्यांपुरतं. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका, दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, जेवणाची चव बिघडते. टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून घ्या, लगेच घेतलं तर असर कमी होतो. रोजसाठी फ्लोराइडचा बिनअल्कोहोलचा माउथवॉश चालतो, पण माउथवॉशने थर निघत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आजी हळद-मीठ लाव म्हणते, लवंगेचं तेल लाव म्हणते.

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, आराम पडतो, आजीचं ते बरोबर आहे. लवंगेचं तेल थेट हिरडीला लावू नका, हिरडी भाजते, पांढरी पडून साल निघालेली मी बघते. खरखरीत दंतमंजन बोटाने घासू नका, दात झिजतात आणि दाणे ब्रॅकेटभोवती अडकतात.

आणि मशेरी. घरात कुणी लावत असेल आणि “दात दुखला की लाव जराशी” असं पोरीला शिकवत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. ती भाजलेली तंबाखू आहे. हिरड्या उतरतात, म्हणजे दात सोडून मागे सरकतात, कॅन्सरचा धोका आहे, आणि सवय लागली की पन्नाशीतही सुटत नाही. सिगरेट ओढणाऱ्यांची आणखी एक अडचण म्हणजे त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आत हाड झिजत असतं तरी कळत नाही.

खायचं काय, नाही काय?

कडक आणि चिकट टाळा, चिक्की, कडक चकली, ऊस, तिळाची कडक वडी. तलावपाळीवर कणीस खायचं असेल तर दाणे सोलून खा, दातांनी ओरबाडलं की ब्रॅकेट सुटतो. पेरू फोडी करून, बिया काढून. पॉपकॉर्नबद्दल मात्र मी फार कडक आहे, त्याचं पातळ टरफल हिरडीच्या खाली सरकतं, दिसत नाही, आणि चार दिवसांनी तिथे पू झालेला घेऊन लोक येतात. आंब्याच्या दिवसांत हापूस खुशाल खा, रायवळ चोखून खाल्लात तर धागे वायरमध्ये गुंततात, तेव्हा रस काढून खा. वडापाव मऊच आहे, खा आणि चूळ भरा. गोड खायचं तर जेवणासोबत, दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहणं जास्त वाईट.

माझं वय ४०, हिरड्या आधीच उतरल्यात. तार लावता येईल?

वयामुळे अडत नाही, चालू असलेल्या हिरड्यांच्या आजारामुळे अडतं. दात सरकतो म्हणजे एका बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन तयार होतं, निरोगी हिरडीत हे व्यवस्थित होतं. पण आत पू आणि कीटण असताना तारेचा जोर लावला तर हाड झपाट्याने जातं आणि ते परत मिळवणं कठीण. म्हणून आधी हिरड्यांची तपासणी, एक्स-रे, खोलवर सफाई, काही महिने स्थिर आहे का ते बघणं, मग हलक्या जोराची तार. कुणी पहिल्याच भेटीत हिरड्या न तपासता तार लावायला निघालं तर दुसरं मत घ्या.

डायबिटीस असेल तर साखर आटोक्यात हवी, साखर आणि हिरड्या दोन्ही एकमेकांना बिघडवतात. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, फिटची फेनिटॉइन, किडनी बदलल्यावर देतात ती सायक्लोस्पोरिन, या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, फिजिशियनला सांगायचं, पर्याय असेल तर ते देतील. गरोदर राहिलात तर तेही सांगा, त्या काळात हिरड्या जास्त सुजतात, क्लीनिंग करता येतं आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे.

दात हलतोय, घाबरू का?

थोडासा हलणारच, तार असताना ते अपेक्षित आहे, विशेषतः वायर बदलल्यावर. एकच दात बाकीच्यांपेक्षा बराच जास्त हलतोय, चावताना लांब झाल्यासारखा वाटतोय, शेजारी सूज आहे, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका.

खालच्या पुढच्या एका दाताची हिरडी खाली गेलीय, दात लांब दिसतो.

तिथे हाड आणि हिरडी मुळातच पातळ असते, दात पुढे सरकताना किंवा कडक ब्रशने रगडल्यामुळे ती उतरते. सुजेसारखी ही आपोआप परत येत नाही, म्हणून लवकर दाखवा. कधी जोराची दिशा बदलून पुरतं, कधी टाळूवरून हिरडीचा तुकडा घेऊन तिथे लावावा लागतो.

दाढांमध्ये घातलेलं छोटं रबर दिसत नाहीये. पडलं असेल, जाऊ दे का?

जाऊ देऊ नका, लगेच फोन करा. बहुतेक वेळा ते खरंच पडलेलं असतं, पण कधी कधी हिरडीच्या आत सरकतं आणि मुळाभोवतीचं हाड खात बसतं. यावरून एक कळकळीची विनंती, पुढच्या दातांमधली फट बुजवायला रबरबँड लावायचे व्हिडिओ बघून घरी काही करू नका. रबर दाताच्या निमुळत्या मुळावरून वर वर सरकतं आणि चांगला दात गमवावा लागतो.

सफाई अगदी चांगली आहे, तरी हिरड्या लालच.

मग इतर कारणं बघतो. रिंगची कड हिरडीत गेली असेल, चिकटवायचं सिमेंट जादा राहिलं असेल, दात ओढायला हाडात छोटा स्क्रू लावला असेल तर त्याभोवती सूज असेल. क्वचित निकेलची अ‍ॅलर्जी असते. खोटे दागिने घातल्यावर कानाला किंवा मनगटाला खाज सुटत असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, वेगळ्या धातूचं सामान मिळतं.

अलाइनर लावले तर हा त्रास नाही ना?

कमी, कारण हे पारदर्शक प्लास्टिकचे साचे काढून ब्रश करता येतो. पण ते दिवसाला २० ते २२ तास घालायचे असतात, आणि चहा पिऊन तसेच चढवले तर सगळं आत कोंडतं.

ताबडतोब कधी यायचं?

पू येत असेल, ताप, गाल सुजलाय, तोंड उघडत नाही, रक्त थांबतच नाही, किंवा हिरडीची टोकं राखाडी पडून खूप दुखतायत आणि तोंडाला घाण वास येतोय. चेहरा सुजून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये, क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही.

तारेचाच खर्च एवढा झालाय, हिरड्यांचा वेगळा परवडत नाही.

डेंटल कॉलेजमध्ये जा, लाजायचं काही कारण नाही, मीही तिथेच शिकले. ऑर्थो आणि हिरड्या दोन्ही डिपार्टमेंट एकाच इमारतीत असतात आणि फी खासगीपेक्षा खूप कमी. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरुळ सोपं पडतं. सेंट्रलने जायचं असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, आणि वेस्टर्न लाइनवर मुंबई सेंट्रलला नायर. सकाळी लवकर जा, रांग असते, शिकाऊ डॉक्टर काम करतात म्हणून वेळ जास्त लागतो, पण शिक्षक तपासतात.

तार निघाल्यावर सुटलो ना?

दातांच्या आतून बारीक वायर चिकटवतात ती राहते, बऱ्याचदा कित्येक वर्षं, आणि ती बरोबर खालच्या पुढच्या दातांमागे, जिथे कीटण सगळ्यात जास्त जमतं. थ्रेडर आणि इंटरडेंटल ब्रश फेकू नका, त्या वायरखालून रोज घाला, आणि सहा महिन्यांनी क्लीनिंगला गेल्यावर डॉक्टरांना सांगा की आत वायर आहे, ती सुटली नाही ना ते बघा.